चोराला कोण विचारतं?

अमेरिकेतली साधी माणसं जीव वाचवायला वर्षाकाठी किती वेळा बंदूक उचलतात, हे मोजायचं काम वसईची आग्नेस दोह्यातल्या एका संशोधन कचेरीत बसून करत होती. फोनवर दिलेली उत्तरं ऐकायची आणि कुठलं धरायचं, कुठलं सोडायचं ते ठरवायचं. कुणी सावलीवर बंदूक रोखलेली, कुणी शेजाऱ्यावर. पण आपण जीव वाचवला, याबद्दल एकालाही शंका नसे.

तसलंच एक ठाम उत्तर दोह्याच्या अल सद्द भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर पाय पसरून बसलेलं होतं. तिचे वडील, रोनाल्ड पप्पा, महिनाभरासाठी आले होते. तिकडे वसईत भाऊ फ्लॉइड मेटाकुटीला आला होता. त्याच्या चिमुरड्या लेकीने, शेरॉनने, कपाटाची किल्ली शोधून पप्पांची बंदूक बाहेर ओढली होती. ती पोलीस ठाण्यात जमा करायची, तर परवाना पप्पांच्या नावावर, आणि पप्पा सहीला तयार नाहीत. त्या बंदुकीने घर राखलंय, हे त्यांचं पालुपद. मग दिवेलागणीला केळीच्या वाडीत शिरलेला चोर, त्याच्यावर झाडलेला बार आणि चोराची मागे राहिलेली चप्पल. ही गोष्ट अख्ख्या गावाला पाठ होती.

शेरॉनचा विचार आग्नेसच्या डोक्यातून जाईना. त्या दुपारी जेवताना तिने कचेरीतलेच प्रश्न पप्पांना घातले. चोराचा चेहरा दिसला? नाही. हातात काही होतं? कोण जाणे. काही बोलला? बोलायला सवड कुठे दिली, म्हणून पप्पा उखडले.

पुढचा प्रश्न तिच्याकडे नव्हताच. कचेरीतून फोन जायचा तो बंदूकवाल्याला; पळालेल्याला कुणी विचारत नसे. तिने समोर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. ऑल्विन वीस वर्षं ही गोष्ट मान डोलवत ऐकत आला होता. सासऱ्यांचा तेवढा एक पराक्रम, तो आपण कशाला हिरावून घ्यायचा, असं त्याला मनापासून वाटे.

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"पप्पा, तो चोर मी होतो. लग्नाआधी आग्नेसला भेटायला आलेलो."

पप्पा खो खो हसले. जावई मस्करीत पटाईत होता.

"डाव्या पायाची चप्पल," ऑल्विन हळूच म्हणाला. "निळा पट्टा, तुटलेला. तांब्याच्या तारेने मीच बांधला होता."

पप्पांचं हसू ओसरलं. ती तार त्यांनी कित्येकदा लोकांना दाखवली होती. ते उठले, टेबलाला वळसा घालून जावयाच्या मागे उभे राहिले आणि त्याच्या विरळ झालेल्या केसांवर त्यांनी हात ठेवला.

"जरा खाली धरली असती, तर..."

आग्नेसला रडू आवरेना.

"फ्लॉइडला फोन लाव," पप्पा म्हणाले. "म्हणावं, कागद पाठव, सही करतो."

फोन लागेपर्यंत त्यांनी हात काही काढला नाही.