थर्मासची टक्

उंदरांवरच्या त्या शोधनिबंधात तंत्रज्ञ ऑफेलियाचा फायदा म्हणाल तर एका ओळीचा. सात लेखकांच्या यादीत पाचवं नाव. पण छापील नाव लागलं की संस्थेत तिची जागा कायम होणार होती, आणि दर डिसेंबरात करार वाढवून घ्यायला साहेबाच्या दारात उभं राहणं संपणार होतं. एकोणीस डिसेंबर तिनं असे काढले होते. रामिरोचा फायदा मोठा, स्वतःची प्रयोगशाळा. तरी तोच आपणहून म्हणाला होता, "तुझं नाव नसेल तर माझंही नको." असं बोलायला काही पैसे पडत नाहीत, हे ऑफेलियाला एरवी कळलं असतं. पण उंदीर न चावता कसा धरायचा हे रामिरोला विद्यार्थी असताना तिनंच शिकवलं होतं. घरच्या माणसाचे शब्द कोण तपासून घेतं?

काम असं होतं. उंदराचं डोकं पट्टीत स्थिर, समोर खाण्याची गोळी. घंटी वाजली की पंजा उचलायचा, पुढे न्यायचा, गोळी पकडून तोंडाशी आणायची. एक उंदीर तयार करायला दोन महिने लागत, आणि अख्ख्या मोंतेविदेओ शहरात ते ऑफेलियासारखं कोणाला जमत नसे. मग रामिरो मेंदूत प्रकाशाची तिरीप सोडून, आतून मोटर कॉर्टेक्सकडे, म्हणजे हालचाल चालवणाऱ्या वरच्या थराकडे, येणारे निरोप तोडायचा. पंजा हवेतच थांबे. प्रकाश बंद केला की पुढे निघे. म्हणजे कॉर्टेक्स हे एकदा चावी दिली की चालत सुटणारं खेळणं नव्हे. क्षणाक्षणाला निरोप पोचला तरच तो हात चालवतो. रामिरो हे सांगताना असा खुलायचा, जणू त्याचं स्वतःचं डोकं मात्र कोणाच्या निरोपावाचून चालत होतं.

मार्चमध्ये अकरा नवे उंदीर बिघडले. सकाळी ऑफेलियासमोर झकास, दुपारी रामिरोसमोर घंटी वाजली तरी ढिम्म. त्यानं तारा बदलल्या, दिवे बदलले. ऑफेलिया तीन दिवस नुसती बघत राहिली.

खोलीत खाणंपिणं मना, अशी दारावर पाटी होती, आणि पाटीखालून जो तो काखेत थर्मास मारून आत जायचा. ऑफेलिया वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात, 'माते' नावाच्या कडू चहाच्या पाल्यावर, थर्मासचं गरम पाणी ओतायची, एक घोट नळीनं ओढायची आणि मग घंटी वाजवायची. रामिरोनं कधी स्वतःचा थर्मास आणला नाही, सकाळी तो तिच्याच भोपळ्यावर असायचा. इथे पिणारा आभार मानेपर्यंत ओतत राहायचं असतं. रामिरो ते कधीच मानत नसे. जानेवारीत तिचा जुना बुचाचा थर्मास फुटला आणि तिनं बटण दाबून ओतायचा घेतला.

चौथ्या दिवशी तिनं घंटीला हात न लावता नुसतं बटण दाबलं. टक्. एकेक करून अकराही उंदरांनी पंजा उचलला.

तिला गप्प बसता आलं असतं. दुपारीही थर्मास ठेवला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. पण तिनं जाऊन सांगितलं.

"रामिरो, हे तुझी घंटी ऐकतच नाहीत. माझा थर्मास ऐकतात."

तो हसून हसून खाली बसला. मग म्हणाला, हे आपल्या दोघांत राहू दे. हे अकरा वगळू, जुन्या तेवीसांवर निबंध उभा राहतो. वगळण्याचं कारण काय देशील, असं तिनं विचारलं.

"ते माझ्यावर सोड."

तिनं सोडलं.

जुलैत प्रिंटरमध्ये कागद अडकला. अडकलेला कागद काढायला नेहमी ऑफेलियाच. निबंध तपासणाऱ्या परीक्षकांना धाडायचं उत्तर होतं ते. त्यात लिहिलं होतं: एका तंत्रज्ञ महिलेनं नियम मोडून, आमच्या नकळत, खोलीत थर्मास नेला. तिचे अकरा प्राणी वगळले आहेत व तिला या कामातून दूर केलं आहे. तेवीस कोणी शिकवले, ते पत्रात नव्हतं. खाली लेखक सहा. 'आमच्या नकळत' हे तिनं दोनदा वाचलं.

दुसऱ्या सकाळी रामिरो नेहमीसारखा येऊन बसला. तिनं भोपळा भरून दिला.

"वाचलंस वाटतं."

"वाचलं."

"अगं, परीक्षकांना कोणाचं तरी चुकलेलं लागतं. पुढच्या निबंधात तुला तिसरी घालतो."

"तू पीत होतास, रामिरो."

"त्याचं काय?"

त्यानं भोपळा रिकामा करून दिला आणि दुसऱ्या फेरीसाठी हात पुढे केला. तिनं बटण दाबलं नाही. हात तसाच हवेत राहिला.

डिसेंबरात तिचा करार वाढला नाही. रामिरोला प्रयोगशाळा मिळाली, पाचव्या जागेवर सहावा सरकला, आणि दारावर आणखी मोठ्या अक्षरांची पाटी आली. शिकवलं ते बिनचूक करणाऱ्या अकरा उंदरांचं काय करायचं हेही कागदावर होतं: वगळलेले ठेवत नाहीत. ते कामही शेवटच्या शुक्रवारी ऑफेलियाच्याच वाट्याला आलं, कारण दुसऱ्या कोणाला ते धरू देत नसत. तिनं एकेकाला ओंजळीत घेऊन गॅसच्या पेटीत सोडलं. एकही चावला नाही.