मच्छिंद्रनं भंडारा उचलला न्हाई

आमच्या मच्छिंद्रनं दारू सोडायची शपथ सात येळा घेतली. साती येळा मीच साक्षीला. बेलभंडारा तळहातावर, डोळ्यांत पानी, "ताई, आता थेंबबी न्हाई." आन् आठ दिसांत पुन्हा गटारात. मी त्याची थोरली बहीण, धुरपदा. शिरूरच्या बाजारात भाजी इकती. माझ्या तोंडाला हाड न्हाई हे सगळ्या बाजाराला ठावं. पन भावापुढं हेच तोंड गप बसायचं. तो गवंडीकामाला गेला न्हाई, की मुकादमाला मीच सांगायची, ताप आलाय म्हनून.

शहात्तर साली सातवी शपथ मोडली तशी त्याची बायको चांगुणा पोरीला घेऊन कासुर्डीला माहेरी गेली. तिच्या बापाचा, हौशीरामांचा निरोप आला, "दिवाळीला पंचांसमोर देवळात भंडारा उचल, तर पोरगी नांदायला येईल. न्हाईतर काडीमोड."

त्याच दिसांत एका गिऱ्हाइकानं सांगितलं, दौंडला रेल्वेच्या चाळीत दर रविवारी दारू सोडल्याली मानसं जमत्यात. म्या भावाला धरला आन् यष्टीत बसवला.

दौंडात उतरल्यावर पानवाल्याला इचारलं, "दारू पिनारी मानसं कुठं जमत्यात वो?" त्यानं माझ्याकडं बघितलं, मच्छिंद्रकडं बघितलं, आन् सरळ गुत्त्याची वाट दावली.

"मेल्या, सोडनारी इचारतीय!"

"सोडनारी? तसली दौंडात न्हाईत, मावशी."

दुसऱ्यानं तर कुठली चांगली मिळती तेबी सांगितलं. मच्छिंद्रचं पाऊल तिकडं वळायला लागलं, तशी म्या त्याची बाही घट्ट धरली. शेवटी रेल्वेच्या एका सांधेवाल्यानं चाळ दावली.

खोली ज्योतिबाआप्पांची. इंजनाच्या शेडमधले फिटर. सतरंजीवर सात-आठ जन बसल्याले, हातात चहा. म्या लगेच सुरू केलं, "ह्यो माझा भाऊ, मनानं लई चांगला, संगतीनं..."

"ताई," आप्पा म्हनले, "हितं ज्याचं त्यानं बोलायचं. तुम्ही चहा घ्या."

मला असं गप कुनी केलं नव्हतं. म्या पिशवीतून बेल आन् भंडारा काढला. "बरं, न्हाई बोलत. तुमच्यासमोर शपथ तरी घेऊ द्या त्याला."

सगळे हसले. आप्पाबी हसले. "म्या नऊ येळा घेतलीय, ताई. देवानंबी माझा नाद सोडला आसंल. हितं शपथ न्हाई. आजचा दिस प्यायचं न्हाई, एवढंच. जीव तळमळला तर आमच्यापैकी कुनाच्याबी दारात यायचं, पन प्यायच्या आधी."

माझा पारा चढला. "शपथंबिगर दारू सुटती व्हय? यष्टीचं भाडं पान्यात घातलं म्या!"

तेवढ्यात मच्छिंद्र बोलला. खाली बघून, हळू. "सातवी शपथ घेतली ना, त्याच दिशी प्यालो. भंडारा कपाळाला तसाच व्हता."

हे मला ठावं नव्हतं. त्यानं हे मला सांगितलंच नव्हतं, आन् हितं परक्या मानसांत सांगितलं.

मग तो दर रविवारी एकटाच जायला लागला. मधी एकदा घसरला. सकाळी सवताहून माझ्यापुढं उभा राहिला, "ताई, काल प्यालो." म्या मुकादमाकडं निघाले, तर म्हनला, "तू नगं. म्या सांगतो." मुकादमानं शिव्यांची लाखोली वाहिली, पन कामावर ठिवला. त्या दिसापास्नं घसरला न्हाई.

दिवाळीला आमी कासुर्डीला गेलो. देवळात पंच बसल्याले, म्होरं ताटात भंडारा. हौशीराम म्हनले, "उचल."

मच्छिंद्रनं हात जोडले. "मामा, म्या उचलनार न्हाई."

पंच एकमेकांकडं बघायला लागले.

"सातदा उचलला, सातदा खोटा पडलो. आता देवाम्होरं आनखी खोटं बोलवत न्हाई. सत्तेचाळीस दिस झालं, प्यालो न्हाई. आजबी पिनार न्हाई. म्होरलं मला ठावं न्हाई. रविवारी दौंडला जातो, जात ऱ्हाईन."

म्या कपाळ बडवून घेतलं. "अरं मुडद्या, उचल की! संसार मोडतोय तुझा!"

"ऐकलं ना पंचहो?" हौशीराम उठलेच. "ह्याचा सोडायचा इचारच न्हाई. काडीमोड करून टाका."

"आबा, खाली बसा." खांबामागनं चांगुणा म्होरं आली. काखंत पोर. आवाज कापत व्हता, पन थांबला न्हाई. "साती शपथांना म्या इस्वास ठिवला. दर टायमाला घर झाडून, गोड करून वाट बघितली. आज ह्यांनी म्होरलं ठावं न्हाई म्हनून सांगितलं. लगीन झाल्यापास्नं माझ्याम्होरं एवढं खरं कवा बोलले न्हाईत. आज भंडारा उचलला असता, तर म्या ह्यांच्यासंगं गेले नसते."

तिनं पोरीला त्याच्या हातात दिली. पोर बापाच्या दाढीला बिचकून रडायला लागली, आन् तोबी तिच्यासंगं ढसाढसा रडला. हौशीरामांनी भंडाऱ्याचं ताट बाजूला सारलं. म्या चांगुणाचं गठुडं उचललं आन् यष्टीच्या थांब्याकडं त्या तिघांच्या मागनं निघाले. माझेबी डोळे वाहत व्हते, आन् कोन बघतंय याची मला काडीची लाज वाटली न्हाई.