लाल ठिपक्यांचा ढीग

"थांब थांब, परत चालव!" साहेब ताईच्या खुर्चीमागून ओरडले. मी शेजारच्याच टेबलावर होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं, ऐका.

ताई आमच्या प्लॅनिंगची. तिनं अख्खा कारखाना कॉम्प्युटरमध्ये उभा केलाय. कुठल्या मशीनवर कधी कुठला माल लावायचा, ते आधी तिथं चालवून बघायचं, मग खाली खरं काम. आणि दरवेळी काय? ओतकाम सुरळीत, लेथ सुरळीत, आणि तपासणीच्या टेबलापाशी लाल ठिपक्यांचा हा ढीग! एक ठिपका म्हणजे एक अडकलेलं झाकण. त्या टेबलावर कोण? ताईचे बाबा. पंपाच्या झाकणावर बोट फिरवून चीर शोधतात, आयुष्यभर तेच.

"हे टेबल बंद. कॅमेरा बसवू," साहेब म्हणाले.

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. "साहेब, बाबांची एका झाकणामागची वेळ चुकीची भरलीय. मीच घेतली होती. मी घड्याळ घेऊन समोर उभी, तर बाबा एकेक झाकण तीनतीनदा बघत बसले. लेकीसमोर कमी पडायला नको म्हणून! एरवी भराभर करतात हो."

"वेळ परत घेतलीस, तर बापासाठी आकडा फिरवला म्हणतील. जाऊ दे."

अरे, मग तिनं काय नाही केलं! माल पुढेमागे केला, पाळ्या बदलल्या, लेथ हळू केलं. लाल हटेना. शेवटी साहेबांनीच हात घालून कॉम्प्युटरमधलं ते टेबल काढलं. सगळं सरसर पुढे! टाळी वाजवली राव त्यांनी.

ताई खाली गेली, मी मागोमाग. तिनं कसंबसं सांगितलं. बाबा हातातलं झाकण तसंच धरून ऐकत राहिले.

"अगं वेडे, घाई करा म्हणायचं ना. मला वाटलं, माझं काम बघायला आलीस."



"बघ हं आता," म्हणाले आणि सुरूच झाले. काय हात चालत होता! उचल, फिरव, ठेव. जेवणाची सुट्टी झाली, मशीनं थांबली, सगळे उठले. हे उठेनात.

"बाबा, पुरे."

"झालंच गं. एवढी होऊ देत."

कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात रिकामा नव्हता. मग ताईनंच वाकून आपल्या तळव्यानं तो पुसला. त्यांनी मान वर केली नाही.