पोहायला येत नाही म्हणून

शिवांगीनं लग्नाची बातमी दिली ती मोबाइलवर एक समुद्र दाखवून.

"हे बघ. कॅरिबियन. इथं करतोय आम्ही लग्न, रुचिर नि मी. बीचवर, अगदी जवळच्या माणसांत."

सरोजिनीनं गॅस बारीक केला आणि पिठाचे हात तसेच धरून वाकून पाहिलं. मोरपिसाचा डोळा पिळून काढावा तसलं ते पाणी होतं. परमुलखातल्या वुडलँड्सच्या त्या स्वयंपाकघरात, बाराव्या मजल्यावर, तिला एकदम गार वाटलं.

"मग मी साडी कुठली घेऊ गं? वाळूत नऊवारी बरी की..."

"आई, तू तिथं काय करणार पण?" शिवांगी घाईनं म्हणाली. "सुशेगाद गाव आहे ते. वाळूचे रस्ते, गाड्याच नाहीत. सकाळी बोटीनं प्रवाळ बघायला जायचं, पाण्यात डोकं घालून मासे बघायचे. दुपारी परत पाण्यात. संध्याकाळी बारमध्ये गेलीस तर तिथले झोपाळेसुद्धा पाण्यात लावलेले. एव्हरीथिंग पाण्यात, लाह!" वाक्याच्या शेपटीला इथला 'लाह' तिनं सवयीनं लावला. "तुला पोहायला येत नाही. तू आपली किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला राखत बसशील. बोअर होशील गं."

लेकीनं सबब सांगितली आणि आईनं ती कारण समजून पदराला बांधली. हात्तिच्या, एवढंच ना! मुलीच्या लग्नाला जायचं तर माणूस डोंगर चढतो; इथं नुसतं पाण्यात उतरायचं होतं.

ती पुढल्याच आठवड्यात सरकारी स्विमिंग पूलवर गेली. शेजारच्या मलाय बायका घालतात तसला मनगटापासून घोट्यापर्यंतचा जांभळा पोहण्याचा पोशाख तिनं घेतला. आरशात बघून स्वतःशीच म्हणाली, "सरोजिनीबाई, वांगं दिसताय."

कोच लिम वयानं तिच्याच बरोबरीचे, पण तोंडानं तिखट. "आंटी, किक, किक! यू नॉट वॉशिंग क्लोथ्स!" नाकात पाणी, कानात पाणी, डोळे लालभडक. श्वास कधी सोडायचा नि कधी धरायचा ते आकडे मोजून काही जमेना. मग तिनं आकडे सोडले आणि ओवी धरली. दळताना आई म्हणायची तसल्या चालीवर, पण शब्द स्वतःचे. एक ओळ पाण्यात मनात म्हणायची, संपली की तोंड वर.

*सात समुद्रांपल्याड, लेक उभी गं वाळूत,*
*लाटांनो, वाट सोडा, अक्षता माझ्या मुठीत.*

तिचे हलणारे ओठ बघून लिम हसले. "आंटी, नो नीड टू प्रे. ओन्ली फोर फीट."

पाणी हळूहळू तिचं झालं. पाण्यावर पाठ टेकून निजता यायला लागलं तेव्हा तिला नवऱ्याची, यशोधनची आठवण झाली. तो गेला तेव्हा शिवांगी शाळेत होती. तेव्हापासून इतकं अलगद असं कुणी तिला उचलून धरलं नव्हतं.

लेकीला तिनं यातलं काही सांगितलं नाही. लग्न जवळ आलं तेव्हा एका रविवारी सकाळी दोघांना बोलावून घेतलं, "पूलवर या, गंमत आहे." शिवांगी आणि रुचिर पायऱ्यांवर येऊन बसले. सरोजिनीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहून दाखवलं. परत येताना मध्येच थांबून पाठीवर निजली, हात पसरून, झोपाळ्यात असल्यासारखी. मग धापा टाकत काठावर आली आणि लेकीकडे बघून हसली. पहिला नंबर आल्यावर मूल आईकडे बघतं, तशी.

रुचिरनं टाळ्या वाजवल्या. "काकू, मानलं तुम्हाला! आमच्या आईला व्हिडिओ दाखवायला पाहिजे होता. तिला बादलीतल्या पाण्याचीसुद्धा भीती. म्हणते, तुम्ही खुशाल बुडा, मी आपली नारळाखाली पत्ते कुटत बसते."

"शुभाताई येतायत?" सरोजिनीनं विचारलं.

"म्हणजे काय! आई, बाबा, मावशी. मावशी तर पुण्याहून चकल्या घेऊन निघालीये. पण काकू, तुमची पाठ? शिवांगी म्हणाली, डॉक्टरांनी विमानाला नको म्हटलंय."

त्याच पाठीवर ती आत्ता पाण्यात निजून आली होती. तिनं शिवांगीकडे पाहिलं. शिवांगी पायांच्या नखांकडे बघत होती.

"बरी आहे की आता," सरोजिनी म्हणाली. "तुम्ही काहीतरी थंड आणता का प्यायला? घसा कोरडा पडलाय."

तो गेला. पलीकडे लहान मुलं पाण्यात दंगा करत होती.

"शुभाताईंना पोहायला येत नाही," सरोजिनी म्हणाली.

"आई, प्लीज."

"नाही, मी आपलं म्हणते. त्या नारळाखाली बसणार. मलाही बसता आलं असतं. त्याला शिकावं लागत नाही."

"तुला कोणी शिकायला सांगितलं होतं?" शिवांगीचा आवाज चढला, मग तिनं तो खाली आणला. "बाबा गेल्यापासून मी तुझ्याकडे बघतेय. तू जेवलीस का, तू रडतेयस का. तिथं आलीस की फोटोत हसशील आणि बाथरूममध्ये जाऊन बाबांसाठी रडशील. मला सगळं कळतं गं. मला एक दिवस हवाय, एकच, ज्यात मला तुझ्याकडे बघायचं नाहीये."

सरोजिनीला वाटलं, सांगावं, म्हणून तर शिकले. कुणी बघायला लागू नये म्हणून. पण ते बोलायला आता उशीर झाला होता, आणि बोललं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं.

"काढते मी तुझं तिकीट," शिवांगी मोबाइल काढत म्हणाली. "रुचिरसमोर उगाच शोभा. बघते, त्याच फ्लाइटला मिळतंय का."

"तिकीट नको काढूस."

"आता रुसू नकोस हं."

"रुसले नाही गं. तिकिटावर नाही येणार मी. तू 'आई, ये' म्हण. तेवढ्यावर येईन."

शिवांगीचा अंगठा स्क्रीनवर थांबला. सरोजिनी वाट बघत राहिली. तिच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं आणि उन्हानं तापलेल्या फरशीवर पडल्या पडल्या वाळत होतं. शिवांगीनं एकदा तोंड उघडलं. मग मान खाली घालून तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

रुचिर तीन डबे छातीशी धरून आला. "काकू, बार्ली चालेल ना?"

"चालेल की," सरोजिनी म्हणाली.

"आम्हाला निघायला हवं," शिवांगी उठली. "आमच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर माणूस येणारे एसीचा."

जाण्याआधी तिनं आईला जवळ घेतलं, पण आपले कपडे भिजणार नाहीत एवढं अंतर राखून.