तबकडीवरची वाफ

मित्रांनो, मी एक जुने स्विस मनगटी घड्याळ आहे. मला चावी द्यावी लागत नाही. माझ्या पोटात एक अर्धगोल वजन आहे. हात हलला की ते फिरते आणि मी चालत राहते.

ज्युरा डोंगरातल्या एका कारखान्यात, खिडकीपाशी बसणाऱ्या बायकांनी मला जुळवले. हुबेहूब माझ्यासारखी शेकडो त्याच महिन्यात बाहेर पडली. मी युलिस नावाच्या चीजवाल्याच्या हातावर आले. तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत तो तासन्‌तास दूध ढवळायचा. एवढे राबणारे मनगट किती घड्याळांना मिळते? चीज केव्हा उपसायचे, ते तो मला विचारूनच ठरवायचा. मात्र कढईची वाफ हळूहळू आत शिरली आणि माझ्या पांढऱ्या तबकडीवर तपकिरी ठिपके उमटले.

युलिस गेला. नऊ वर्षे मी कपाटात मोज्यांखाली पडून होते. मग त्याची नात सोलांज मला आरेलकडे घेऊन आली. आरेल घड्याळे दुरुस्त करतो आणि जुनी जमवतोही.

"आरेलकाका, शनिवारी माझं लग्न. हे मला बास्तियाँच्या हातावर बांधायचंय. पण तोंड बघा याचं, कॉफी सांडल्यासारखं! घासून नवा रंग द्या."

माझे काटे थरथरले असते; पण मी बंद होते ना!

"तुझ्या आजोबाच्या नाकावर चामखीळ होती," आरेल भिंग डोळ्याला लावत म्हणाला. "फोटोआधी तीही कापली असतीस?"

"थट्टा नको हो. सासूबाई म्हणतील, जुनंपानं गळ्यात मारलं."

आरेलने खण ओढून एक चकचकीत घड्याळ काढले. "हे माझ्या बाबांचं. हौसेनं मीच रंगवून घेतलं. छान दिसतं ना? पण आता ते कुणाचंही वाटतं. बायको विचारते, ही जुनी डबडी का जमवतोस? अगं, कारखान्यातून सगळी सारखीच निघतात. हातावर राहून राहून एकेक वेगळं होतं. ते मला काही बनवता येत नाही."

मग त्याने माझे मागचे झाकण उघडले. आत सुईने कोरलेल्या बारीक तारखा होत्या. दुरुस्ती करणारे आमच्याकडे अशी खूण ठेवतात. "बघ, सगळ्या ऑक्टोबरातल्या. उन्हाळ्यात चरायला गेलेली गुरं डोंगरावरून खाली आली, चीजचं काम सरलं, की तुझा आजोबा याला घेऊन माझ्या बाबांकडे हजर."

सोलांज बराच वेळ भिंगातून बघत राहिली.

"ठिपके राहू देत," ती म्हणाली. "आतलं तेवढं साफ करा. आणि सासूबाईंनी काही विचारलंच तर?"

"तर सांग की! तोंड आहे ना तुला?"

आरेलने त्या दिवसाची तारीख कोरली, तेल घातले आणि झाकण बसवले.

मित्रांनो, घरात एखादे जुने घड्याळ सापडले तर त्याला तेलपाणी करा, हातावर बांधा. फक्त त्याचे तोंड धुण्याआधी, ते कशाने माखले एवढे कुणाला तरी विचारा.

शनिवारी बास्तियाँच्या आईने माझ्या काचेवर बोट ठेवलेच. "हे कसले गं डाग?"

"आजोबांचं चीज," सोलांज म्हणाली, आणि खुर्ची ओढून सांगायला बसली.