रिकाम्या खिळ्याशी आलेली पाहुणी

मित्रांनो, मी एक जुनी, उलटी टांगलेली बाटली आहे. उलटी म्हटल्यावर हसू नका. सरळ उभ्या असलेल्या बाटल्या कपाटात धूळ खात पडतात. मी मात्र डोकं खाली करून अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका ओसरीवर आयुष्य काढलं, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

माझा जन्म खरं तर खोकल्याच्या औषधासाठी झाला. कोळशाच्या खाणीत काम करणारा क्लेल कोम्ब्स मला विकत घेऊन आला, कारण खाणीतल्या माणसाला खोकला चुकत नाही. औषध संपलं, पण खोकला काही संपला नाही. दुसऱ्या कुणी मला उकिरड्यावर भिरकावलं असतं. क्लेलने मला गरम पाण्याने धुतलं, तोंडाला बूच बसवलं, बुचातून तांब्याची वाकडी नळी काढली. कॉफीच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याने फूल केलं आणि कोठाराला लावून उरलेला लाल रंग त्याला फासला. खाली तारेची एक छोटीशी दांडी बसवली. मग माझ्यात साखरेचं पाणी भरून त्याने मला ओसरीच्या तुळईतल्या खिळ्याला टांगलं.

"घे ओपल, तुझ्या पाहुण्यांचं जेवण वाढलंय," तो बायकोला म्हणाला.

"आधी पाहुणे येऊ देत!"

"येतील गं. फुकटचं गोड कोण सोडतं?"

आणि पाहुणे आले! तुम्ही ज्यांना हमिंगबर्ड म्हणता, तेच ते गुंजन पक्षी. अंगठ्याएवढा जीव, वजन एखाद्या नाण्याइतकं, पण रुबाब असा की ओसरी जणू त्यांच्याच नावावर आहे. नराच्या गळ्यावर ऊन पडलं की तो निखाऱ्यासारखा लाल पेटायचा. एक पीत असला की दुसऱ्याला जवळ फिरकू द्यायचा नाही. ओपल म्हणायची, "मेल्यांनो, भरपूर आहे, भांडता कशाला?" पण बागेतली फुलं लवकर रिकामी होतात, म्हणून आपलं फूल राखायची सवय त्यांच्या हाडीमाशी भिनलेली असते. त्याला कोण काय करणार?

ओसरीवर येणारा प्रत्येक माणूस तेच ते प्रश्न विचारायचा. यांना पाय असतात का? असतात, पण बसण्यापुरते. चालणं त्यांना जमत नाही. नुसत्या साखरेवर जगतात का? छे! चिलटं, माश्या, कोळ्याच्या जाळ्यातले किडे, सगळं मटकावतात. पाण्यात लाल रंग घालायचा का? मुळीच नाही, माझं पत्र्याचं फूल पुरेसं लाल आहे. मला बोलता आलं असतं तर मी तिथल्या तिथे उत्तरं दिली असती. पण बाटलीला कोण विचारतं?

या सगळ्या प्रश्नांत 'बाटली खाली कधी उतरवायची?' हा एक प्रश्न असा होता की त्याच्यापायी माझ्यावर पाखरं मारल्याचा आळ आला.

आमच्या खोऱ्यात एक रीत होती. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाच्या सुट्टीला, घरोघरी माझ्यासारख्या बाटल्या खाली उतरायच्या. का? तर गोड पाणी मिळत राहिलं की पाखरं दक्षिणेला जायचं विसरतात आणि थंडीत मरतात, असं सगळे समजत. क्लेलनेही ही रीत इमानाने पाळली. दर वर्षी त्या दिवशी मी धुतली जायची आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात मुरंब्याच्या बरण्यांमागे जाऊन बसायची.

मग एका वसंतात त्या खोकल्यानेच क्लेलला नेलं. त्या वर्षी ओपलने मला रोज जास्तच घासून पुसून भरलं. कामगार दिन आला तेव्हा ती स्टुलावर चढली, माझ्याकडे हात नेला आणि तिथेच थांबली. कारण माझ्या दांडीवर एक पिल्लू बसलं होतं. त्याच उन्हाळ्यात उशिरा अंड्यातून निघालेली ती मादी होती, अगदी हडकुळी. तिच्या मानेवर मागच्या बाजूला एकच पांढरं पीस होतं, सदऱ्याला बटन लावावं तसं.

"बटन, तुला उपाशी कशी गं धाडू?" ओपल म्हणाली, आणि रिकाम्या हाताने खाली उतरली.

दुसऱ्याच दिवशी क्लेलचा धाकटा भाऊ एस्टिल आला. एस्टिल म्हणजे आधी मिशी आणि मग माणूस. ती भरघोस मिशी तो रोज मेण लावून पिळायचा.

"वहिनी, बाटली अजून वरच?"

"एक पाखरू आहे अजून."

"असणारच! फुकट खाणावळ सोडून कोण जाईल? क्लेलने जन्मभर पाळलेली रीत तू पहिल्याच वर्षी मोडलीस."

मला असा राग आला की आतलं पाणी उकळायचंच बाकी राहिलं.

दिवस गेले. डोंगर लाल-पिवळे झाले. बटन पीत राहिली, किडे टिपत राहिली, तिचं पोट गोल होऊ लागलं. आणि एका सकाळी पहिलं हिम माझ्या काचेवर गोठलं. एस्टिल सरपण घेऊन आला आणि पाहतो तर काय, बटन माझ्या दांडीला उलटी लोंबकळत होती. डोळे मिटलेले, अंग गार.

"मेली बिचारी," तो म्हणाला. त्याने हातातलं सरपण हळूच खाली ठेवलं. "तुझ्या मायेने मारलं हिला, वहिनी. आणि या मेल्या बाटलीने."

ओपलचं तोंड पांढरं पडलं. मी तर काच, मी काय रडणार? पण मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, की मी औषधाची बाटली म्हणूनच फुटून गेले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात ऊन डोंगरावरून खाली उतरून ओसरीवर आलं. बटनचं एक पीस हललं. मग तिचं सगळं अंग थरथरलं. मग ती गर्रकन सरळ झाली, चोच माझ्या नळीत घातली आणि पीत सुटली! कडाक्याच्या रात्री ही पाखरं अशीच अंग गार करून, श्वास मंद करून पडून राहतात, शेगडीवर राख ओढून विस्तव जपावा तसं. हे आम्हा तिघांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

एस्टिल ओशाळला, पण हरला नाही. "आज वाचली. पण आता जाणार कशी? हंसांचे थवे कधीच गेले. ही पाखरं त्यांच्याच पाठीवर बसून जातात."

"काहीतरीच! तिला स्वतःचे पंख आहेत की."

"पैज लाव वहिनी. ही जिवंत राहून पुढच्या वर्षी या ओसरीवर परत आली, तर चारचौघांसमोर ही मिशी उतरवीन. नाही आली, तर ही बाटली कायमची खाली. पुन्हा टांगायची नाही."

ओपलने माझ्याकडे पाहिलं. क्लेलच्या हातची उरलेली वस्तू होते मी. "लागली," ती म्हणाली.

पुढे एका स्वच्छ सकाळी बटन पोटभर प्यायली, ओपलच्या तोंडासमोर क्षणभर थरथरली आणि दक्षिणेला गेली. कुणाच्याही पाठीवर बसून नाही. वाटेत समुद्र लागतो, तोही ही पाखरं एका दमात ओलांडतात.

"मांजराने खाल्ली असेल," एस्टिल म्हणाला. मी फडताळात गेले.

हिवाळा सरला. वसंत आला, खोऱ्यात इतरांच्या ओसऱ्यांवर गुंजन सुरू झालं, तरी ओपलने मला ओसरीवर टांगलं नाही. तिने मला फडताळातून काढून खिडकीत ठेवलं; रोज पुसायची आणि पुन्हा खिडकीतच ठेवायची. टांगलंच नाही, तर हरणारही नाही, असं तिच्या मनात असावं. मला तिची कीव आली आणि रागही आला. अगं, पाहुणी आली तर काय पाहील?

त्या दिवशी एस्टिल ओसरीची मोडकी पायरी दुरुस्त करत होता. ओपल आत मक्याच्या पावाचं पीठ भिजवत होती. मी खिडकीतून पाहत होते. अचानक भुंग्यासारखा आवाज आला. काहीतरी हिरवं सपकन आलं आणि तुळईतल्या त्या रिकाम्या खिळ्यासमोर हवेत थांबलं. खिळ्याच्या या बाजूला गेलं, त्या बाजूला गेलं, खाली वाकून जिथे माझं फूल असायचं तिथे चोच पुढे केली. मग वळलं. मानेवर एक पांढरं पीस!

एस्टिलच्या हातातला हातोडा तसाच राहिला. त्याने दाराकडे पाहिलं. ओपलची पाठ होती. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणा माणसाने पाहिलं नव्हतं. तो गप्प बसला असता, तर पैजही जिंकला असता आणि मिशीही राहिली असती. त्याचा हात मिशीकडे गेला. माझा जीव टांगणीला लागला, खिळ्याला नसतानाही!

"वहिनी!" तो ओरडला. "बाटली आण! आधी बाटली आण! तुझी बटन आलीय, उपाशी आहे गं पोर!"

ओपल पिठाच्या हातांनीच मला उचलून धावली. चार वाट्या पाणी, एक वाटी साखर, आणि एस्टिलनेच मला खिळ्याला टांगलं. बटन दांडीवर बसली आणि अशी प्यायली, जणू काल संध्याकाळीच उठून गेली होती. ओपल हसत होती आणि रडत होती.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळं खोरं आमच्या ओसरीवर जमलं. एस्टिल खुर्चीत बसला. क्लेलचा वस्तरा ओपलच्या हातात होता.

"वहिनी, निम्मी तरी ठेव."

"मान खाली घाल. क्लेल वरून बघतोय."

मिशी खाली पडली तेव्हा एवढा जल्लोष झाला की बटन झाडावर पळाली, आणि चिडून किचकिचत परत आली.

मित्रांनो, जाताना एवढंच सांगते. माझ्यासारखी बाटली टांगलीत तर तिला दर दोन-तीन दिवसांनी धुवा. आंबलेलं पाणी पाखराला बाधतं. आणि तारीख बघून तिला खाली घेऊ नका, पाहुणे बघून घ्या. जायचं कधी, हे त्यांना लहान होत जाणारा दिवस सांगतो. आपण फक्त शिदोरी द्यायची.

आमच्या खोऱ्यात कामगार दिनाला आता एकही बाटली खाली येत नाही. त्या सकाळी मिशी नसलेला एक म्हातारा साखरेची पिशवी काखेत मारून घरोघरी फिरतो आणि प्रत्येक ओसरीखाली उभा राहून हाक देतो, "काय गं, भरलीय ना?"