कोरडा चेंडू

शेवटचा टाका आवळून सैफुद्दीनने दोरा दाताने तोडला आणि चेंडू सुनेपुढे ठेवला. लतीफाने तो गुडघ्यांत धरून शिवणीवरून अंगठा फिरवला. कुठेही टोचलं नाही. मग सवयीने तिचा हात तेलाच्या वाटीकडे गेला.

"त्याले तेल नको लावू," दारात उभा असलेला दिलावर म्हणाला.

सैफुद्दीनने मान वर केली. मंगरूळपिरात त्याच्या घराण्याने तीन पिढ्या विहिरीच्या मोटा शिवल्या होत्या आणि कोरडं चामडं त्यांच्या उंबऱ्याबाहेर कधी गेलं नव्हतं. मोट असो की घोड्याचा पट्टा, टाके पुरे झाले की घरातल्या बाईने त्यावर एरंडीच्या तेलाचा हात फिरवायचा आणि मगच गिऱ्हाइकाने वस्तू न्यायची. आधी हे काम सैफुद्दीनची बायको सुगराबी करायची. सात वर्षांपूर्वी लतीफा दिलावरची नवरी होऊन आली, तेव्हा सासूने वाटी आणि चिंधी तिच्या स्वाधीन केली.

"बिनातेलाचं चामडं तडकते," सैफुद्दीन म्हणाला.

"हे मोट नाही, अब्बा. हातात धरा लागते. उद्या चेंडू सुटला तं माहा नागपूर बी सुटलं."

म्हाताऱ्याने आरी पेटीत टाकली. त्याला तो खेळच मुळात पोरकट वाटायचा. खांबाला लोखंडी कडं ठोकायचं, त्याला जाळी बांधायची आणि दहा जाणत्या माणसांनी त्यात चेंडू टाकण्यासाठी धावाधाव करायची. पण दिलावर शाळेत कवायत शिकवायचा, आणि कवायतीबरोबर हा बास्केटबॉलही त्याच्याच गळ्यात पडला होता. तो त्यात असा रमला की शाळा सुटल्यावर गावातले आणि खेड्यांतले धडधाकट तरुण त्याच्याकडे खेळायला येऊ लागले. त्या वर्षी, म्हणजे छत्तीस साली, वर्तमानपत्रात बातमी आली. जर्मनीत देशोदेशीच्या संघांचे सामने होणार आणि हा खेळ त्यात पहिल्यांदाच घेतलेला. हिंदुस्थानचा संघ पाठवायचं काही मंडळींच्या मनात होतं. त्यासाठी नागपूरचे दौलतराव गावोगाव फिरून माणसं पारखत होते. मंगरूळपिरातून ते एकच माणूस घेणार होते.

तो एक कोण, याबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. दिलावरने प्रवासाची पेटी भरूनसुद्धा ठेवली होती.

सुगराबी ओसरीच्या कोपऱ्यात तसबीह फिरवत बसली होती. खजुराच्या बियांची ती माळ बसऱ्याहून आलेली. तिचा थोरला, इस्माईल, मोठ्या लढाईत फौजेच्या खेचरांची खोगिरं शिवायला गेला. सुगराबीने त्याला कारंज्याच्या स्टेशनावर गाडीत बसवून दिलं. दोन पत्रं आली, एका माणसाच्या हाती ही माळ आली, आणि मग काही आलं नाही. तो वारल्याचंही कोणी कळवलं नाही. वीस वर्षं झाली. घरात त्याचं नाव निघत नसे. दिलावर जर्मनीचं बोलायला लागल्यापासून सुगराबीने एकदाच विचारलं होतं, तिकडे जायला कारंज्याहूनच बसावं लागतं का. तो हो म्हणाला, तेव्हा तिने पुढे काही विचारलं नाही.

दुपारी घरात सामसूम झाल्यावर लतीफाने खुंटीवरच्या जाळीच्या पिशवीतून चेंडू काढला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. दिलावरने तिला आगबोटीचं सांगितलं होतं, किती दिवस लागतात ते सांगितलं होतं. परत कधी येणार ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. तिने चिंधी वाटीत बुडवली आणि चेंडूवर एक हात फिरवला. तेवढा पट्टा काळपट झाला, ओल्या मातीसारखा. तो दिसताच तिने चुलीतली राख आणली आणि सगळा चेंडू चोळचोळून पुसला. चामडं पुन्हा फिकट, कोरडं दिसायला लागलं, तेव्हाच तिने तो पिशवीत घालून खुंटीला टांगला. सुगराबी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. झोपली होती की नाही, लतीफाने पाहिलं नाही.

सकाळी दिलावर घाईत होता. आत न बघताच चेंडूची पिशवी त्याने खुंटीवरून काढून खांद्याला अडकवली आणि अम्माला सलाम करून निघाला. शाळेचं मैदान त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं. लतीफा मागच्या दाराच्या फटीशी उभी राहिली.

दौलतराव खाकी चड्डीतले, काटकुळे गृहस्थ होते. त्यांनी दहा जणांचे दोन भाग केले आणि शिट्टी फुंकली. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. दिलावरने पहिलाच चेंडू लांबून जाळीत टाकला. खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या, दौलतरावांनी वहीत काही लिहिलं. मग ऊन चढलं. उन्हाबरोबर चामड्याला घाम फुटावा तसं तेल वर यायला लागलं. दिलावरच्या हातातून चेंडू एकदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला. त्याने तळवे पाहिले, पांढऱ्या सदऱ्याला पुसले. सदऱ्यावर पिवळे डाग पडले. टॉवेल आणून चेंडू पुसला गेला, पण काही वेळाने तो पुन्हा चकाकू लागला. तिसऱ्यांदा चेंडू निसटला, तेव्हा दिलावरने घराच्या भिंतीकडे पाहिलं. फटीतून लतीफा मागे सरकली.

किन्हीराजा गावचा भाऊसिंग त्यांच्यात सगळ्यात अडाणी खेळाडू. बापाच्या विहिरीवर मोट हाकून वाढलेला. तेलकट चामड्याशी त्याची रोजचीच गाठ. विहिरीवर करायचा तेच त्याने इथे केलं. खाली वाकून मूठभर माती घेतली, तळव्यांना चोळली आणि चेंडूपाठी धावला.

"मास्तर, तुमी बी हातले माती लावा ना," तो पळता पळता म्हणाला. "लाजता कायले? मोट समजा."

दिलावरने माती लावली नाही. वर्षभर त्यानेच या पोरांना हात स्वच्छ ठेवायला शिकवलं होतं, आणि दौलतराव समोर उभे होते. खेळ संपला तेव्हा दौलतरावांनी भाऊसिंगला जवळ बोलावून त्याच्या बापाचं नाव विचारलं.

दिलावर घरी आला. पिशवी त्याने ओसरीवर ठेवली, आदळली नाही. सैफुद्दीन काम थांबवून बघत राहिला.

"तेल लावलं व्हतं का?" दिलावरने विचारलं.

लतीफाने चेंडू उचलला. तिच्या एका हाताच्या तेलाने हा रंग आला नसता. चामडं आतपर्यंत पिऊन बसलं होतं, शिवणीत तर तेल बोटाला लागत होतं. कोणीतरी निगुतीने, टाक्याटाक्यांतून मुरवलं होतं. ती काही म्हणणार तोच कोपऱ्यात माळेचा आवाज थांबला.

सुगराबी खाली बघत होती. तिच्या बोटांतल्या खजुराच्या बिया वीस वर्षांत झिजून राखाडी झालेल्या. आज पहाटे फजरच्या नमाजानंतर फिरवलेल्या तेवढ्या सगळ्या लखलखत होत्या.

"तुले विचारून राह्यलो मी."

"लावलं," लतीफा म्हणाली.

"नाही म्हटलं व्हतं ना? मंग काहून लावलं?"

"सवयीनं. हात गेला."

सैफुद्दीन पुटपुटला की घरची रीत आहे, तिचा काय दोष. दिलावरने डाग पडलेला सदरा काढून तिच्यापुढे टाकला आणि तो बाहेर गेला. कोपऱ्यात माळ पुन्हा फिरू लागली, पण हळू.

त्यानंतर महिनाभर दिलावर बायकोशी कामापुरतं बोलला. पेटी तशीच भरलेली, खाटेखाली. गावात चेष्टा झाली. मोटवाल्याच्या मास्तर पोराने चेंडूची मोट केली, असं पानवाल्यापासून सगळे म्हणत. लतीफाने सदरा तीनदा रिठ्यात घातला. डाग पुसट झाले, गेले नाहीत.

उन्हाळा तापला तसा भाऊसिंग नागपूरहून परत आला. गावी जाण्याआधी तो मास्तरांच्या ओसरीवर टेकला. लतीफाने दाराआडून पाण्याचा तांब्या सरकवला. भाऊसिंगने सांगितलं ते एवढंच की संघ जाणार नाही. आगबोटीचा खर्च कोणी उचलेना. दौलतरावांनी पंधरा दिवस पळवलं आणि एके दिवशी सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

"तिथला चेंडू कोरडा व्हता मास्तर," तो म्हणाला. "मले तं एक बी धरता आला नाही."

दिलावर हसला. महिन्याभरात पहिल्यांदा, आणि चांगला मोठ्याने हसला. मग तो भाऊसिंगबरोबर मोटारीच्या थांब्यापर्यंत गेला. जाताना खाटेखालची पेटी ओढून, रिकामी करायला लतीफाकडे देऊन गेला.

ती कपडे बाहेर काढत होती. कोपऱ्यातून सुगराबीने विचारलं,

"म्हंजे कोनीच गेलं नाही?"

"नाही, अम्मा."

सुगराबीने माळ खिशात ठेवली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आत गेली, आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. सात वर्षांत तिने सुनेच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता.

"बस इथं. केस रुखे झाले तुहे. तेल घालून देतो."

लतीफा पेटी सोडून तिच्यापुढे पाठ करून बसली. मागून बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला. सुगराबीचा हात सरावाचा होता. चामड्याला लावावं तशी ती तेल लावत होती, एकाच दिशेने, पार मुरेपर्यंत. लतीफाने मान हलवली नाही.